बॅरिस्टर वेगळाच राहू द्या

पुण्यातले माझे वकील मित्र दर भेटीत विचारतात, इंग्लंडात अजून एका खटल्याला दोन वकील कशाला? पक्षकाराशी बोलून कागदपत्रं तयार करणार सॉलिसिटर, आणि कोर्टात युक्तिवाद करणार बॅरिस्टर. आपण १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याने सगळ्यांना एका पंक्तीत बसवलं. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, उरलेली दुहेरी पद्धतही १९७७मध्ये गेली. मग इंग्रजच का अडून बसलेत?

लंडनमध्ये राहून माझं मत झालंय की त्यांनी अडून बसावंच.

दोन वकिलांमुळे खर्च वाढतो, ही तक्रार खरी आहे. माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचा घरमालकाशी वाद झाला, तेव्हा तीच हकीकत त्यांना आधी सॉलिसिटरला आणि मग सुनावणीच्या तोंडावर बॅरिस्टरला सांगावी लागली. बिलं दोन आली.

पण बॅरिस्टरवर एक बंधन आहे, जे सॉलिसिटरवर नाही. त्याला इथे 'कॅब-रँक' नियम म्हणतात. रांगेतल्या टॅक्सीवाल्याने पुढचं गिऱ्हाईक नाकारायचं नाही, तसंच काम आपल्या विषयातलं असेल, वेळ असेल आणि योग्य फी मिळत असेल, तर पक्षकार कितीही नकोसा असला तरी बॅरिस्टरने ते घ्यायचं. दोन्ही शाखा एक केल्या तर नावाजलेले बॅरिस्टर मोठ्या फर्ममध्ये जातील. तिथे बँका आणि विमा कंपन्या आधीच अशील असतात, म्हणजे त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्याला ते वकील मिळायचेच नाहीत. आज मात्र हॅरोसारख्या लंडनच्या उपनगरातल्या छोट्या ऑफिसातला सॉलिसिटरही टेम्पलमधला, म्हणजे लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या वस्तीतला, उत्तम बॅरिस्टर गाठू शकतो.

आपल्या बार कौन्सिलच्या नियमांतही वकिलाने काम नाकारू नये असं लिहिलंय. तरी २६/११नंतर कसाबचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असा ठराव मुंबईत झालाच. असे ठराव बेकायदा आहेत, हे २०१०मध्ये सुप्रीम कोर्टाला एका वेगळ्या प्रकरणात स्पष्ट सांगावं लागलं. आणि एकत्र करून खर्च तरी कुठे वाचला? त्याच १९६१च्या कायद्यात सीनियर अ‍ॅडव्होकेटची वेगळी पायरी आहे. सीनियर एकटा उभा राहत नाही, सोबत दुसरा वकील लागतोच. मुंबईत मोठा दावा लढणाऱ्याला विचारा, फी किती जणांना द्यावी लागते.

इंग्लंडातली दोन शाखांमधली भिंतही आता पूर्वीइतकी बंद नाही. विलीनीकरण नको, असं शाही आयोगाने १९७९मध्ये सांगितलं, पण १९९०च्या कायद्याने जादा पात्रता मिळवलेल्या सॉलिसिटरना वरच्या कोर्टांची दारं उघडली. २००४पासून काही बॅरिस्टरांकडे थेटही जाता येतं.

सामान्य माणूस नागवला गेला तो दोन शाखांमुळे नव्हे. एप्रिल २०१३पासून बहुतेक कौटुंबिक वादांची आणि घरांच्या कित्येक वादांची सरकारी कायदेशीर मदत बंद झाली, तिथे घात झाला. फौजदारी कामात तर तुटपुंज्या फीसाठी बॅरिस्टरांनाच २०२२मध्ये संप करावा लागला आणि तेव्हा कुठे १५ टक्के वाढ मिळाली. पार्लमेंटने आधी ती बंद केलेली मदत पुन्हा सुरू करावी.