संकल्प करावा तर असा दणक्यात

तरुण मित्रांनो, आयुष्य बदलायचं आहे ना? मग पहिला नियम: ऑक्टोबरात सुचलेली चांगली गोष्ट ऑक्टोबरात सुरू करायची नाही. ती एक जानेवारीपर्यंत राखून ठेवायची. महिन्याला नाव मिळालं ते जेनस या रोमन देवामुळे, आणि त्याला तोंडं दोन. एकाने घोषणा करावी, दुसऱ्याने जांभई द्यावी. सोय जुनीच आहे.

संकल्प निदान बारा हवेत.

शिवाय ते मोघम हवेत. ‘फिट व्हायचं’, ‘वाचन वाढवायचं’, ‘स्वतःवर काम करायचं’. कधी, कुठे, किती, हे चुकूनही लिहू नका. पीटर गोलविट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ 1990च्या दशकापासून सांगताहेत की ‘अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी अमुक करीन’ असं ठरवलं, तर काम पार पडण्याची शक्यता वाढते. म्हणूनच जपा. काम होऊन बसलं तर पुढच्या वर्षी काय ठरवणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं: जाहीर करा. याच गोलविट्झरांनी 2009मध्ये सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं की आपण कोण होणार हे चारचौघांना कळलं, की त्यासाठीचे कष्ट कमी घेतले जातात. कौतुक आगाऊ मिळालं, आता राबायचं कशाला? माझ्या भाच्याने हे न वाचताच ओळखलं. एकतीस डिसेंबरच्या रात्री त्याने ‘पहाट पाच’ नावाचा ग्रुप काढला आणि समस्त नातलगांना त्यात कोंबलं. ‘मावशी, तू माझ्यावर लक्ष ठेव’ म्हणाला. तेव्हापासून पाच वाजून दोन मिनिटांनी माझा फोन थरथरतो. (बंद का ठेवत नाही, विचारू नका. घरात म्हातारी माणसं असली की ठेवता येत नाही.) उशाच्या घड्याळाचा फोटो, कडेला पांघरुणाचं टोक, खाली फुगलेले दंड आणि ज्वाळा. काका अंगठा दाखवतात, आत्या ‘शाब्बास बाळा’ लिहिते. परवा फोटो मोठा करून पाहिला. काटे पाचवर, आणि घड्याळाच्या काचेवर चक्क ऊन! म्हणजे साहेबांनी आदल्या दुपारी काटे फिरवून फोटो काढलेला, आणि मेसेज पहाटे आपोआप जावा असं लावून ठेवलेलं. एवढ्या खटपटीत माणूस खरंच उठला असता की! त्या ग्रुपात पाचला खरोखर जागं होणारं माणूस एकच, मी. आणि मी कसलाही संकल्प केलेला नाही.

असो. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हेही ठणकावून सांगत चला. हा आकडा एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून फिरत आलाय. तो बोलत होता पेशंटना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला लागणाऱ्या वेळेबद्दल, आणि तोही ‘किमान’. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी खरोखर मोजलं, तेव्हा 66 दिवसांच्या आसपास आलं. माणसागणिक 18पासून 254पर्यंत. आणखी एक दिसलं: मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. हे मात्र कुणाला कळू देऊ नका. ‘एक दिवस चुकला, आता पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची सोयच जाईल.

अरे, पण पाचला उठून तू करणार काय होतास? ते तरी ठरवलं होतंस? बारा संकल्प वाचले मी तुझे. त्यात परीक्षेत राहिलेला विषय नाही. मित्राकडून घेतलेले पैसे नाहीत. ज्या फोनला महिनोन्‌महिने उत्तर दिलं नाहीस, तो नाही. जे तुला रात्री खरंच खुपतं, त्यातलं एकही नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही! आम्हाला काय दाखवतोस? आम्हाला काही फरक पडत नाही, तू दुपारी बारापर्यंत झोप. पण तो राहिलेला विषय सोडव. रात्री ताटावरून उठलास की थेट टेबलाशी बस आणि एक गणित सोडव. एकच. चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत बस. आणि मला कळवायची काही गरज नाही.