सबमिशन आलंय? मग एखादा प्रभाव पकडा

पोरांनो, आर्ट कॉलेजच्या फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या वर्षाला, अॅडमिशन झाली, अभिनंदन. आता स्केचबुक नंतर घ्या, आधी एखाद्या मोठ्या चित्रकाराचा प्रभाव घ्या. स्केचबुक भरावं लागतं, प्रभाव नुसता सांगितला तरी चालतो.

सगळ्यात सोयीचे अमूर्त चित्रांवाले वासुदेव गायतोंडे. मोजकंच काम करायचे, बाकी वेळ विचार, शांतता, झेन वगैरे. उद्या सबमिशन आणि तुमची कॉम्पोझिशनची शीट अजून कोरीच, तर बिनधास्त सांगायचं की सर हे नॉन-ऑब्जेक्टिव्ह आहे, यात ओळखीची वस्तू नसतेच. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या की ख्रिस्तीजचा 2013 चा मुंबईतला लिलाव काढायचा, गायतोंड्यांचं 1979 चं चित्र, 23 कोटी 70 लाख! एवढा आकडा ऐकून सरांना स्वतःचा पगार आठवतो आणि विषय संपतो. फक्त त्यांची सुरुवातीची चित्रं वर्गात कुणी गुगल करणार नाही एवढं बघा, त्यात चक्क माणसं आहेत, मिनिएचरसारखे, म्हणजे जुन्या लघुचित्रांसारखे सपाट रंग आहेत, आणि रेषा बघून कळतं की गड्याने ड्रॉइंग घोटलेलं. आपल्या केसला हे जाम मारक आहे.

अटेंडन्स शॉर्ट असेल तर चित्रकार एफ. एन. सूझा. 1945 ला त्याला मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून काढलं आणि दोन वर्षांत त्याने चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप उभा केला, बास, एवढंच सांगायचं. तो चले जाव चळवळीत होता म्हणून काढलं आणि आपल्याला सकाळच्या लेक्चरला जाग येत नाही, हा फरक कशाला उकरायचा, बंड ते बंडच.

शीटवर चहा सांडला? चित्रकार एस. एच. रझा, त्यांचा तो गोल बिंदू. ते 1950 ला फ्रान्सला गेले, तिथं वर्षानुवर्षं लँडस्केप रंगवली आणि बिंदूपाशी यायला त्यांना पुढं पंचवीस-तीस वर्षं लागली, आपलं कटिंगमध्ये काम झालं.

खरी गोची स्टिल लाइफला होते. तपकिरी ड्रेपरी, दोन प्लास्टिकची सफरचंदं आणि तो पितळी तांब्या, जो कित्येक बॅचेसपासून त्याच स्टुलावर बसून पोरांची वाट लावतोय. त्याच्या तोंडाचा इलिप्स, म्हणजे लंबगोल, डावीकडे नीट आला की उजवीकडे बसतो, उजवीकडे उचलला की तांब्या कलंडतो, मग खोडून खोडून कार्ट्रिज पेपरची साल निघते आणि त्या सालीवर हायलाइट सोडायची म्हणजे तर... जाऊ दे. घाबरायचं नाही, फ्रेंच चित्रकार सेझान म्हणा. त्याच्याही भांड्यांची तोंडं वाकडीच आहेत. त्याने एकच भांडं वेगवेगळ्या बाजूंनी बघून मुद्दाम तसं केलं आणि आपण एकाच बाजूने बघूनही तिथंच पोचलो, म्हणजे आपणच पुढं ना?

कन्सेप्ट नोटमध्ये ‘अवकाश’, ‘अस्तित्व’, ‘अंतर्मन’ हे तीन शब्द कुठल्याही क्रमाने टाका. ज्युरीतले निम्मे लोक मान डोलावतात, उरलेल्यांना जेवायची घाई असते.

आणि हो, प्रत्येक वर्गात एक येडं असतं. त्याला प्रभाव विचारला तर ‘अजून काही नाही रे’ म्हणतं आणि रविवारी सीएसएमटीला बोचक्यांवर डोकं टेकून झोपलेली माणसं स्केच करत बसतं, एक हात नाही जमला तर तोच हात पानभर. अशांच्या नादी लागू नका, हाताला सवय लागते. पण दोस्ती ठेवा, चहा पाजत रहा. सबमिशनच्या आदल्या रात्री तांब्याचा इलिप्स काय सेझान येऊन काढून देणार आहे?