नाव बदला, पण गावाला विचारून

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झाल्यापासून एक युक्तिवाद इथे आयर्लंडपर्यंत ऐकू येतो: स्वाभिमानी देश गुलामीच्या खुणा एका फटक्यात पुसतात. आयर्लंडने पुष्कळ पुसल्या. एका फटक्यात मात्र नाही, आणि काही फटके तर चक्क फसले.

डब्लिनच्या सॅकव्हिल स्ट्रीटला आयरिश नेते डॅनिएल ओ'कॉनेल यांचं नाव देण्याचा ठराव महापालिकेने १८८४ मध्ये केला. रहिवासी कोर्टात गेले, मनाई मिळाली. अधिकृत पाटी १९२४ ला लागली, तोवर नाव लोकांच्या तोंडी केव्हाच रुळलं होतं. नॅव्हन गावाचं उलटं झालं. १९२२ पासून कागदोपत्री आयरिश नाव 'अन ऊइव', बोलण्यात मात्र नॅव्हनच. शेवटी १९७१ मध्ये सरकारनेच माघार घेतली.

खरा धडा केरी जिल्ह्यातल्या डिंगलचा. आयरिशभाषक पट्ट्यातल्या इंग्रजी नावांची कायदेशीर मान्यता २००५ मध्ये गेली आणि पाट्यांवर फक्त 'अन दॅन्गन' उरलं. गाव पर्यटनावर जगतं आणि पर्यटकाच्या हातातल्या नकाशात डिंगल. त्यात ऑफली जिल्ह्यात आणखी एक दॅन्गन आहेच! २००६ च्या मतदानात गावाने प्रचंड बहुमताने दोन्ही भाषांतली नावं मागितली: 'डिंगल' आणि 'दॅन्गन ई खूश'. तरी कायदा बदलायला २०११ उजाडलं. हे मतदार आयरिश भाषेचे वैरी नव्हते, हे आपल्याकडच्या दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावं. आपल्याकडे हरकती-सूचना मागवतात, गावाचं मत मोजत नाहीत. मला तीच उणीव वाटते.

ऑफलीतल्या त्या दॅन्गनची गंमत वेगळीच. इंग्लंडच्या मेरी राणीच्या नवऱ्यावरून, म्हणजे स्पेनच्या फिलिपवरून, १५५६ पासून ते फिलिप्सटाउन होतं. राजाचं नाव टाकून दिलेल्या या गावात १९८० मध्ये राणी मुक्कामाला आली. डब्लिनच्या संसद भवनासमोरून १९४८ मध्ये हलवलेला व्हिक्टोरियाचा पुतळा इथल्या बंद पडलेल्या सुधारगृहामागच्या आवारात पडून होता. १९८७ पासून तो सिडनीत दिमाखात बसला आहे.

मुंबईत सातव्या एडवर्डचा घोडा १९६५ मध्ये भायखळ्याला गेला. नाक्याचं नाव अजून काळा घोडाच. आणि तो गेला ते उद्यान कागदावर वीरमाता जिजाबाईंचं असलं, तरी पोरांना घेऊन लोक जातात ते राणीच्या बागेत.