नंबर उना का?

भर कापसाच्या हंगामात जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, वजनकाटा अडला की शेतकरी शेठला शिव्या देतो आणि शेठ मला, कॉम्प्युटरवाल्याला. या वेळी काटा अडलाच नव्हता. वजन होत होतं, डेटाबेसात नोंद बिनचूक पडत होती. फक्त छापलेल्या पावतीवर 'पावती क्र.'च्या पुढे कोरं. धुळ्याच्या बाहेर हायवेला लागून ही जिनिंग. ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेलेली, आणि ते वेब पेज लिहिणारा पुण्याचा पोरगा फोन उचलेना. मग काय, 'आपला भाऊ आहेच की'.

भाऊ गेला. तिथं खुर्चीला खुर्ची लावून नाना बसलेले. नाना तलाठी कचेरीतून रिटायर झालेले, शेठच्या वडिलांचे दोस्त. जिनिंगमध्ये त्यांना काम नाही, पगार नाही, पण पहिला चहा त्यांचा.

"नंबर उना का?"

"बघतोय, नाना."

"मंग बंद करी दे नं भो."

"काय बंद करू?"

"जे चालू शे, ते."

हा संवाद दर दोन घोटांनी. मी स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसातच लिहून ठेवलेला प्रोग्राम) थेट डेटाबेसात चालवून पाहिली. नंबर टुणकन हजर! म्हणजे प्रोसिजर निर्दोष, भानगड वेब पेजात. नाना स्क्रीनवर बोट टेकवून (बोटाला शेवभाजीचा तेलकट रस्सा) म्हणाले, "हाई आउटपुट दोनदा कसाले लिखेल शे?"

मी भाबडेपणानं सांगत बसलो. प्रोसिजर लिहिताना पॅरामीटरपुढे (माहिती आत न्यायची नाहीतर बाहेर आणायची जागा) आउटपुट लिहायचं आणि ती चालवताना पुन्हा लिहायचं. दुसऱ्यांदा विसरलात तर एररसुद्धा येत नाही, हाती नुसता नल येतो, म्हणजे काहीच नाही.

"पहिला टाइमले आयकू येत नही का त्याले?"

याला उत्तर नाही. खरंच नाही. पुढे वेब पेजाच्या सी शार्प भाषेतल्या कोडमध्येही तेच रडगाणं. पॅरामीटरची दिशा आउटपुट आहे हे वेगळं सांगावं लागतं, नाहीतर तो स्वतःला इनपुट समजतो. मजकूर परत यायचा असेल तर त्याची साइझ द्यावी लागते. पुण्याच्या पोरानं ती दिली होती. 1. त्यामुळे प्रोसिजर इमानदारीत 'गाडी नोंदली' असा निरोप पाठवायची आणि पावतीवर, शेऱ्याच्या रकान्यात, यायचा एकटा 'ग'.

"आणि कुणी विचारलं नाही, नाना, हा 'ग' कसला?"

"इचारं नं. मी सांगू त्यास्ले, 'ग' म्हणजे गीला."

मी कीबोर्डवरून हात काढला. सरकारी खरेदीत 8 टक्क्यांच्या वर ओल निघाली की भाव कापतात, 12 च्या वर तर मालच घेत नाहीत, हे इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक. आणि नानांनी आल्या गाडीला, कडक उन्हात वाळलेल्या कापसालासुद्धा, गीला ठरवून टाकलं होतं! एक जण म्हणे भांडला, 'मन्हा माल अ मा टाक' म्हणून. त्या 'ग'वर कुणाचा भाव तुटला का, हे मी शेठला विचारणार होतो. बिल निघायचं होतं, म्हणून गप्प बसलो.

"नंबर उना का?"

"नाही!"

"आमना टाइमले शिक्का आधी मारूत, नाव मंग लिखूत. कधी अडनं नही."

तेवढ्यात खिडकीतून एक डोकं आत. "भाऊ, मन्ही पावती?" त्याच्या मागे आणखी डोकी. प्रिंटरही मीच बघायचा, इन्व्हर्टरही मीच. मागे शेठच्या घरचा मिक्सरसुद्धा मला दाखवला होता. कॉम्प्युटरवाला म्हणजे प्लगला लागणारं सगळं त्याचं.

अखेर सापडलं. ती प्रोसिजर नवा नंबर देता देता शेतकऱ्याच्या जुन्या पावत्यांची यादीही पाठवायची, आणि बहाद्दर यादी वाचतानाच, डेटा रीडर (ती यादी ओळीओळीनं वाचणारा) उघडा असतानाच, नंबर मागत होता. एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे इथला डेटाबेस, आधी सगळ्या ओळी पाठवतो, आउटपुट पॅरामीटर त्यांच्या शेवटी. काट्यावर भरली गाडी चढते, माल उतरतो, रिकामी गाडी पुन्हा चढते, तेव्हा कुठे निव्वळ वजन निघतं, तसंच हे. वर त्यानं कन्व्हर्ट डॉट टू-स्ट्रिंग वापरलेलं. ते नलची कोरी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, करतं आणि तोंडातून ब्र काढत नाही. सरळ बोंबललं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"अरे, रीडर आधी बंद करायला पाहिजे!" मी ओरडलो.

ओरडायला नको होतं. नाना उठून उभे राहिले. "मी तं सकायपाईन सांगी ऱ्हायनू! बंद कर, बंद कर!"

रीडर बंद करायची ओळ मी नंबर घ्यायच्या ओळीच्या वर नेली, पावती छापली, नंबर आला. नानांनी ती पावती माझ्या हातून घेऊन खिडकीतून स्वतः शेतकऱ्याला दिली. शेठ आत आले तेव्हा सगळी वार्ता खिडकीबाहेरच्या मंडळींनी त्यांना सांगून झाली होती.

"नाना, तुम्ही कचेरीत उगाच नाही काढली इतकी वर्षं," शेठ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "एक ओळ वर घेतली ना फक्त? मग बिल जरा बघून लाव, भाऊ."

मी बघून लावलं. ते त्यांनी अजून बघितलेलं नाही. मध्यंतरी शेठच्या साडूच्या जिनिंगवर असाच घोळ झाला, तर तिथून नानांना बोलावणं आलंय. परवा जायचंय. नानांना मोटरसायकलवर मागे बसवून न्यायचं, पेट्रोल माझं.