अनारसा हसला तरी आपण हसू नये

यंदा दिवाळीचा फराळ घरीच करायचा आणि त्यातही अनारसे करायचेच, असं तुम्ही ठरवलंय म्हणे. छान! चकली मोडली तर तुकडे चहाबरोबर संपतात, बेसनाचा लाडू बसला तर त्याची वडी म्हणून बोळवण करता येते. अनारशात असली पळवाट नाही. म्हणूनच नवशिक्यानं श्रीगणेशा अनारशानंच करावा.

पहिलं काम तांदूळ भिजवण्याचं नाही, जाहीर करण्याचं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘या वर्षी अनारसे घरी!’ एवढंच टाका. आत्या, मावशी, मोठ्या जाऊबाई, सगळ्यांचे अंगठे आले की माघारीचे दोर कापले गेले. आता तांदूळ. जुना, जाडा, तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज पाणी बदलायचं. हे पाणी बदलण्याचं काम घरातल्या सर्वांत उत्साही माणसावर सोपवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘मी आत्ता बदलणारच होतो’ हे वाक्य ऐकायला मिळेल. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो आणि कोणीतरी बाथरूमची जाळी तपासून येतं. त्याला शांतपणे सांगा, परंपरेला वास असतो.

मग तांदूळ उपसून पंच्यावर सावलीत पसरायचे. किती वेळ? तर हाताला दमट लागतील, पण चिकटणार नाहीत, इतपत. हे माप आजीच्या तळहातात होतं आणि आजी ते बरोबर घेऊन गेली. आपण दर दहा मिनिटांनी मूठ उघडून बघत राहायचं. त्यानंतर मिक्सर, बारीक चाळणी, पुन्हा मिक्सर, पुन्हा चाळणी. पिठाच्या वजनाइतकाच चिरलेला गूळ. (इथे थट्टा नाही. वाटीनं मोजू नका, वजनकाटा घ्या. वाटीच्या नादात माझे दोन घाणे गेले आहेत.) चमचाभर तूप घालून कालवायचं, डब्यात दाबून भरायचं आणि चार-पाच दिवस त्याच्याकडे बघायचं नाही.

एव्हाना आठवडा गेला. या दिवसांत कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार अनारसे पिठाचं एक पाकीट आणून, डब्यात काढून फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या मागे ठेवून द्यावं. याला लबाडी म्हणत नाहीत, पूर्वतयारी म्हणतात.

तळणीच्या दिवशी खसखशीवर पुरी थापा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडा आणि उलटू नका. झाऱ्यानं वरून तूप उडवत राहा. आता श्वास रोखून बघा. करंजी फुटते, शंकरपाळा कडक होतो. अनारसा मात्र हसतो. पसरतो, जाळीची भोकं मोठी होत जातात आणि बघता बघता कढईत तांबूस गाळ उरतो. तो कोणाला हसतो, हे वेगळं सांगायला नको. गूळ जास्त झाला असेल, पीठ ओलं राहिलं असेल किंवा तूप पुरेसं तापलं नसेल. पण असली कारणं घरात चालत नाहीत. घरात चालतं ते एकच, ‘मध्येच कोणी डोकावलं होतं का?’ आणि डोकावलेलं असतंच.

उपाय सोपा. हसणाऱ्या पिठात थोडी तांदळाची पिठी घाला. मग अनारसा गंभीर होतो, इतका की जाळी पडतच नाही आणि दगड होतो. मग थोडं पिकलं केळं कुस्करून घाला. मग तो पुन्हा हसतो. मग पिठी. अर्ध्या किलोचं पीठ संध्याकाळपर्यंत दीड किलो होतं आणि ताटात धड अनारसे सहा. ताटाभोवती मात्र ‘मी म्हटलंच होतं’ म्हणणारी माणसं आठ.

दिवाळी त्या मानानं दयाळू. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं ते ३३ अनारशांचं, मोजून. २०२३ साली अधिक महिना श्रावणाचा आला. बाहेर धो धो पाऊस, आत पंख्याखाली तांदूळ आणि तांदळाशेजारी मी. दोन दिवस तांदूळ वाळेनात, माझा घसा मात्र वाळला. अखेर ३३ जमले. जावईबापूंनी ताटाचा फोटो काढला, एक अनारसा खाल्ला आणि म्हणाले, ‘आमच्याकडे साखरेचे करतात.’

उरलेले मुलाला दुबईला पाठवायचा विचार असेल, तर तो सोडा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ‘साहेब, ही फक्त जाळीवर भुरभुरलीय’ हे अरबीत समजावणं पिठाच्या पोतापेक्षा अवघड.

राहता राहिले पाहुणे. ते ताटलीतला अनारसा उचलून उजेडाकडे धरतात, जाळी न्याहाळतात आणि विचारतात, ‘घरी केलेत?’

तुम्ही खाली बघून, पदराला किंवा नॅपकिनला हात पुसत म्हणायचं, ‘हो, अगदी पिठापासून.’

कोथिंबीर तेवढी फ्रीजमध्ये पुन्हा पुढे सरकवून ठेवा.