रिपोर्ट हिरवा पाहिजे

आमच्या ऑफिसात "भोक बुजलं का?" असं कुणी विचारत नाही. "रिपोर्ट हिरवा झाला का?" असं विचारतात. या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि मला पगार मिळतो तो त्या फरकात उभं राहण्याचा.

काम तसं एका ओळीत सांगता येतं. ओपन सोर्स पॅकेजेसमध्ये, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या तयार कोडच्या गठ्ठ्यांमध्ये, सुरक्षेची भोकं सापडतात, ती बुजवलेली नवी आवृत्ती येते, ती मी आमच्या सर्व्हरवर चढवतो. घरी एवढंच सांगितलं तर आई म्हणाली, "मग दिवसभर काय करतोस?"

दिवसभर मी एक्सेल शीट वाचतो. दर सोमवारी सकाळी स्कॅनरचा मेल येतो. आमची सगळी पॅकेजेस चाळून कुठल्या पॅकेजात कुठलं जाहीर झालेलं भोक आहे, ते हा प्रोग्रॅम लिहून पाठवतो. प्रत्येक भोकाला सीव्हीई नावाचा नंबर, शून्य ते दहामध्ये गुण आणि गुणांप्रमाणे रंग. इथे दहापैकी दहा मिळाले की पेढे वाटायचे नसतात, हे नव्या पोरांना आधी समजावून सांगावं लागतं.

लाल ओळ दिसली की प्रत्येक टीमचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हे पॅकेज आम्ही वापरतच नाही." मग लॉकफाईल, म्हणजे आत आलेल्या सगळ्या पॅकेजेसची यादी, उघडायची. यांनी पीडीएफ बनवणारं एक साधंसुधं पॅकेज घेतलेलं असतं. त्याने दुसरं आणलेलं, दुसऱ्याने तिसरं. पंगतीत बसलेल्या अनोळखी गृहस्थांची चौकशी करावी आणि ते नवऱ्या मुलाच्या आत्याच्या जावेचे भाऊ निघावेत, तसा प्रकार. त्यांना उठवायचं तर मधल्या सगळ्यांची परवानगी हवी, आणि आत्याबाईंनी तर कित्येक वर्षांत नवी आवृत्तीच काढलेली नाही. जावास्क्रिप्टची पॅकेजेस आणणाऱ्या एनपीएममध्ये 'ऑडिट फिक्स' या दुरुस्तीच्या आदेशाला 'फोर्स', म्हणजे जबरदस्ती, जोडायची सोय आहे. ती वापरली की लाल ओळी झटक्यात कमी होतात आणि टेस्टरचा फोन येतो की लॉगिनचं बटण कुठे गेलं.

तरी हे रोजचं. खरा शिमगा झाला २०२१ च्या डिसेंबरात. शुक्रवार, १० डिसेंबर. जगातल्या असंख्य जावा प्रोग्रॅम्सची रोजनिशी लिहिणारं लॉगफोरजे नावाचं पॅकेज. त्याचं काम समोर येईल ते लिहून ठेवायचं, बस. पण कुणाच्या तरी सोयीसाठी त्यात २०१३ सालीच एक खुबी घातलेली होती: मजकुरात डॉलर, महिरपी कंस आणि जेएनडीआय अशी अक्षरं आली की ते नुसतं लिहायचं नाही, दिलेल्या पत्त्यावर जाऊन तिथून जे मिळेल ते आणायचं. आणलेल्यात कोड असला तर तो चालायचासुद्धा. माइनक्राफ्ट खेळणाऱ्या पोरांनी गेमच्या चॅटमध्ये ती एक ओळ टाइप केली की पलीकडचा सर्व्हर त्यांच्या ताब्यात. दहापैकी दहा.

आता पॅकेज बदलायचं तर ते कुठेकुठे आहे हे आधी कळायला हवं. जावाचा कोड बांधून ठेवलेली फाईल म्हणजे जार. जारच्या आत जार, त्या जारच्या आत आणखी एक जार. एका विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने तर "आम्ही तपासून कळवतो" असं कळवलं. तिथे मी ती जार फाईल उघडून आतली जेएनडीआय-लुकअप नावाची क्लास, म्हणजे ती खुबी चालवणारा कोडचा तुकडा, उपटून काढली आणि जार परत बंद केली. हा उपाय अडाणी वाटेल, पण अधिकृत होता.

नवी आवृत्ती होती २.१५. ती आम्ही चढवली, मेल टाकला, शुभेच्छा घेतल्या. तेवढ्यात कळलं की २.१५ मध्ये भोक पूर्ण बुजलेलं नाही, २.१६ घ्या. २.१६ घेतली. तर विशिष्ट मजकूर दिला की ती स्वतःभोवतीच गरगरत बसते आणि प्रोग्रॅम झोपतो, म्हणून २.१७. नाताळ उलटतो न उलटतो तोच २.१७.१. चेंज मॅनेजमेंटच्या बाई दर वेळी फॉर्ममधल्या 'हा बदल अंतिम आहे का' या रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघायच्या.

या सगळ्यात शिव्या कुणी खाल्ल्या, तर नोकरी सांभाळून रात्री ते पॅकेज सांभाळणाऱ्या मूठभर स्वयंसेवकांनी. त्यांना आयुष्यात एक चहा न पाजलेल्या कंपन्या जाब विचारायला लागल्या. कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणणारं पॅकेज लिहिणारे डॅनियल स्टेनबर्ग यांना तर एका बड्या कंपनीचं पत्र गेलं, की लॉगफोरजेबद्दलच्या आमच्या प्रश्नांची उत्तरं २४ तासांत द्या. कर्ल सी भाषेत आहे, त्याचा लॉगफोरजेशी काडीचा संबंध नाही, आणि त्या कंपनीने त्यांना कधी दमडीही दिलेली नव्हती. सपोर्टचा करार करा, लगेच उत्तरं देतो, असं त्यांनी कळवलं. मला तो माणूस फार आवडतो.

"सगळं नेहमी अद्ययावत ठेवा" असं पोस्टर आमच्या लिफ्टपाशी आहे. २०२४ च्या गुड फ्रायडेला त्याच्याकडे बघवेना. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित शिरायच्या वाटेने, लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. आपण असतो तर नेटला नावं ठेवून चहाला गेलो असतो. त्याने खणून काढलं, तर एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजात कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून, विश्वास कमावून चोरदरवाजा बसवलेला. तो होता ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत. म्हणजे तत्परतेने अपडेट करणारे अडकले आणि डेबियन या लिनक्सची शिळी, स्थिर आवृत्ती धरून बसलेले आमच्यासारखे आळशी सुखरूप. त्या आठवड्यात माझा आळस 'दूरदृष्टी' या नावाने क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये गेला.

पण त्याच डेबियनने पुढे जुलैत माझा घाम काढला. एसएसएच चालवणाऱ्या ओपनएसएसएच या पॅकेजात भोक सापडलं. २००६ साली बुजवलेलं, २०२० मध्ये कोड आवरताना पुन्हा उघडलं गेलेलं. मूळ दुरुस्ती ९.८ मध्ये आली. डेबियनवाले मात्र आवृत्ती बदलत नाहीत. ते फक्त दुरुस्ती उचलून जुन्या ९.२ मध्ये बसवतात आणि नावाच्या शेपटाला 'डेब १२ यू ३' एवढं लावतात. आम्ही ते त्याच दिवशी चढवलं. भोक बुजलं. रिपोर्ट लाल. क्लायंटचा स्कॅनर शेपूट वाचतच नाही, त्याला ९.२ हे ९.८ पेक्षा लहान एवढंच कळतं.

क्लायंटच्या ऑडिटर मॅडमसोबत कॉल लागला. मी स्क्रीन शेअर करून चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, दाखवला, त्यातला सीव्हीई नंबर माउसने निळा करून दाखवला.

"अहो, पण नंबर ९.२ च दिसतोय ना?"

"हो मॅडम, पण दुरुस्ती आत आहे."

"आतलं मला कसं दिसणार?"

याला उत्तर नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या विरघळल्या. "तुमचं पटतंय हो मला. पण शीटमध्ये पुराव्याचा कॉलम आहे. असं करा, डेबियनकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी एक पत्र घ्या. आजच्या आज क्लोज करते."

डेबियन म्हणजे जगभर विखुरलेले स्वयंसेवक, हे सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे सर अनम्यूट झाले. "नक्की मॅडम, आम्ही फॉलोअप घेतो!"

कॉल संपायच्या आत त्यांचा चॅटवर मेसेज: "अरे, डेबियनवाल्यांचं कुणी बाणेरला बसतं का? तू बाईकवर जाऊन ये ना."