‘पावडरीशिवाय अंग भरत नाही’ या दाव्याला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्यायामशाळांत नव्याने येणाऱ्या मुलांच्या मोबाईलवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: वजने उचलायला लागल्या दिवसापासून प्रोटीन पावडर घेतली नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू खाते, भाकरी-आमटीतील प्रथिने अपुरी आणि अर्धवट असतात, व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिने पोटात गेली नाहीत तर मेहनत वाया जाते, आणि हिशेब केला तर पावडर अंड्या-दुधापेक्षा स्वस्तच पडते. मी संध्याकाळी गावातल्या व्यायामशाळेत नव्या मुलांना वजने कशी उचलावीत हे दाखवतो. हा मजकूर वाचून घरी पैशांसाठी हट्ट धरणारी मुले मला नेहमी भेटतात, म्हणून त्यातील एकेका मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘अपुरी’ हा शब्द मात्र खरा आहे, आणि तो आधी मान्य केला पाहिजे. खानापूर तालुक्यातील एका मुलाला, वय 19 आणि वजन 60 किलो, मी एका दिवसाचे खाणे वहीत लिहून आणायला सांगितले. सकाळी चहा आणि उप्पीट, दुपारी ताटभर भात आणि पातळ आमटी, संध्याकाळी चहाबरोबर भडंग, रात्री दोन भाकरी आणि वांग्याची भाजी. आम्ही दोघांनी बसून बेरीज केली, तेव्हा दिवसाची प्रथिने जेमतेम 40 ग्रॅम भरली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे व्यायाम न करणाऱ्या प्रौढालाही किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे या मुलाला सुमारे 50 ग्रॅम लागतात. पोट भरत होते, पण ते भाताने भरत होते. आमटीच्या वाटीत तळाशी डाळ किती आणि वर पाणी किती, हे त्याच्या घरात कोणी कधी पाहिलेच नव्हते.

ही तूट भरून काढायला पावडरीचा डबाच लागतो, हे मात्र खरे नाही. त्याच वहीच्या पुढच्या पानावर आम्ही भर लिहिली: मूठभर, म्हणजे कोरडे 50 ग्रॅम हुलगे किंवा मटकी भिजवून मोड आणून केलेली उसळ (11 ग्रॅम), 30 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे (7 ग्रॅम), 300 मिलिलिटर दूध (9 ग्रॅम), दोन अंडी (12 ग्रॅम) आणि कोरडे 25 ग्रॅम सोयाबीनचे वडे (दुकानात मिळणारे सोया चंक्स) भाजीत टाकून (13 ग्रॅम). ही भर 52 ग्रॅमची झाली आणि एकूण आकडा 92 वर गेला, म्हणजे किलोमागे दीड ग्रॅमच्या थोडा वर. आपल्याकडे माळकरी घरे पुष्कळ आहेत आणि तिथे अंडे चालत नाही. त्यांनी अंड्यांऐवजी 70 ग्रॅम पनीर घेतले तरी बेरीज तीच राहते.

दीड ग्रॅम कमी आहे, असे कोणी म्हणेल. 2018 मध्ये क्रीडावैद्यकाच्या ब्रिटिश नियतकालिकात 49 प्रयोगांचा आणि 1863 माणसांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅमच्या पुढे प्रथिने वाढवूनही स्नायूंच्या वाढीत सरासरीने आणखी भर पडत नाही. वरून घेतलेल्या प्रथिनांमुळे स्नायूंसह चरबीविरहित वजनात पडलेली सरासरी भर सुमारे 300 ग्रॅम होती, आणि तीही नवख्यांपेक्षा आधीपासून वजने उचलणाऱ्यांत अधिक होती. मजकूर नेमका नवख्यांना उद्देशून लिहिलेला आहे, म्हणून ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत उचलण्याचे वजन भराभर वाढते, ते मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावायला शिकते म्हणून. मुलगा व्यायाम आणि पावडर एकाच दिवशी सुरू करतो आणि या वाढीचे श्रेय डब्याला देतो.

डाळींची प्रथिने ‘अर्धवट’ असल्याचा मुद्दा अर्ध्यावर सोडलेला आहे. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी मेथिओनिन डाळी-कडधान्यांत कमी आणि लायसिन भरपूर असते. ज्वारी-तांदळात नेमके उलटे असते. भाकरी आणि उसळ एकाच दिवसाच्या जेवणात आली की एकीची उणीव दुसरी भरते, आणि त्यासाठी दोन्ही एकाच घासात असावी लागत नाहीत. वनस्पतिजन्य प्रथिने दुधा-अंड्यांपेक्षा किंचित कमी पचतात, हे खरे आहे. त्याला उपाय म्हणजे उसळ एक पळी जास्त वाढून घेणे.

येथे आपल्या बाजूच्या एका समजुतीबद्दलही बोलले पाहिजे. पावडरीला विरोध करणारी वडीलधारी मंडळी तालमीतल्या खुराकाचे, बदामाच्या थंडाईचे दाखले देतात. वीस बदामांत प्रथिने जेमतेम पाच ग्रॅम असतात आणि तुपात ती जवळजवळ नसतातच. तो खुराक चार-चार तास लाल मातीत घाम गाळणाऱ्या पैलवानाच्या उष्मांकांसाठी होता. दिवसभर बाकावर बसणाऱ्या आणि संध्याकाळी पाऊण तास वजने उचलणाऱ्या मुलाने तूप वाढवले, तर वाढेल ते पोट.

शरीर स्नायू खाते, हे वाक्य भीती घालण्यासाठी लिहिलेले आहे. व्यायामानंतर स्नायूंची झीज आणि बांधणी दोन्ही वाढतात आणि जेवण मिळाले की पारडे बांधणीकडे झुकते. ही वाढलेली बांधणी दिवसभराहून अधिक काळ, कधी 48 तासांपर्यंत चालू राहते, त्यामुळे अर्ध्या तासाची मुदत टिकत नाही. 2013 च्या एका एकत्रित विश्लेषणातही दिवसभराची एकूण प्रथिने सारखी धरल्यावर वेळेचा फरक उरला नाही. सातला व्यायाम करून साडेआठला घरी जेवणाऱ्या मुलाचे काहीही वाया जात नाही.

स्वस्ताईचा हिशेब कोणालाही करता येतो. किलोचा डबा 2500 रुपयांना मिळतो असे धरले आणि 30 ग्रॅमच्या स्कूपमध्ये (डब्यातल्या मापाच्या चमच्यात) 24 ग्रॅम प्रथिने धरली, तर एक स्कूप सुमारे 75 रुपयांना पडतो. तेवढीच प्रथिने चार अंड्यांत मिळतात. अंडे 7 रुपयांचे धरले तर 28 रुपयांत. सोयाबीन आणि शेंगदाणे त्याहूनही स्वस्त पडतात.

पावडर विष आहे, असे मी म्हणत नाही. पावडरीतले व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातलीच प्रथिने आहेत, आणि निरोगी माणसाची मूत्रपिंडे एका स्कूपने बिघडतात याला आधार नाही. ज्याला मूत्रपिंडाचा विकार आहे त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत, डब्यातलीही नाहीत आणि ताटातलीही नाहीत. खोलीवर राहून मेसचे जेवण जेवणाऱ्याला किंवा कामाच्या पाळीमुळे जेवण चुकणाऱ्या कामगाराला ती सोयीची पडते. पण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन उत्पादनांची तपासणी झाली आणि त्यांपैकी 25 डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. काहींत तर लिहिल्याच्या निम्मीच प्रथिने होती. ज्याला घ्यायचीच आहे त्याने पक्के बिल घ्यावे, डब्यावरचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक पाहावा आणि व्यायामशाळेत सुटी, पुडीत बांधून मिळणारी पावडर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.